पाकिटातली तिसरी किल्ली

या पानावर मी आतापर्यंत लिहिलं ते सगळं कामाचं होतं. भाडेकरूची पोलीस पडताळणी कशी करायची, करार अकराच महिन्यांचा का करतात, घर ताब्यात देताना मीटरचे आणि भिंतींचे फोटो का काढून ठेवायचे... असंच सगळं. वाचक फोन करून आभार मानतात, बरं वाटतं. यावेळी संपादकांनी ‘न उलगडलेले अनुभव’ हा विषय दिला, तेव्हा मी सरळ नाही म्हणून कळवलं होतं. मी शाळेत गणित शिकवते. भिवापूरला आमच्या शाळेच्या रस्त्यावर एक चिंच होती. तिच्याखालून जाताना मोठ्या बायासुद्धा पाय उचलायच्या. मी मुद्दाम तिच्या बुंध्याशी बसून डबा खात असे. आजही मी तीच आहे.

दोन दिवसांनी मीच परत कळवलं, की लिहिते. कारण हे सगळं मी एका माणसाशिवाय कुणाला सांगितलेलं नाही, आणि ज्यांनी माझे आभार मानले त्यांना खरं काय ते कळायला हवं.

आधी माझी एक पद्धत सांगते. पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे.

बी.एस्सी.ला नागपूरला आले तेव्हा मी नंदनवनमध्ये एका घराची मागची खोली किरायाने घेतली होती. घरमालकीण बाईंकडे दुसरी किल्ली असायची. मी कॉलेजात असताना त्या खोली उघडून बघायच्या... बादलीत पाणी किती, डब्यात काय आहे, गादीखाली काही ठेवलं आहे का. मी आले की विचारायच्या, “काहून वं, स्टोव्ह पेटवून राहिली का आत?” त्या बाईंचे माझ्यावर उपकारच आहेत, हे आधी सांगते. गावाकडच्या एकट्या मुलीला तेव्हा कुणी खोली देत नव्हतं, त्यांनी दिली. आमच्या घरात माझ्याआधी कुणी दहावीच्या पुढे गेलेलं नव्हतं. ती खोली नसती तर मीही गेले नसते. पण कुणीतरी आपल्या मागे आपल्या वस्तूंना हात लावून गेलंय हे दारातच कळतं. ते मी विसरले नाही.

म्हणून पुढे माझे स्वतःचे दोन फ्लॅट झाले तेव्हा मी एक नियम केला. प्रत्येक नव्या भाडेकरूसाठी दाराला नवं कुलूप बसवायचं. त्याच्या तीन किल्ल्या येतात. दोन भाडेकरूला द्यायच्या. तिसरी त्याच्यासमोर खाकी पाकिटात घालून पाकीट डिंकाने बंद करायचं आणि जोडावर त्याची सही घ्यायची — अर्धी सही झाकणावर, अर्धी खाली. वरून चिकटपट्टी. ते पाकीट माझ्या कपाटात राहतं. घर सोडताना भाडेकरूला ते जसंच्या तसं दाखवायचं. म्हणजे त्याला कळतं, की मालकीण त्याच्या मागे कधी आत आली नाही. इतक्या वर्षांत एकही पाकीट उघडावं लागलं नव्हतं. मला त्याचा अभिमान होता. याच पानावर मी तो मिरवलाही आहे.

बेसा रोडचा माझा फ्लॅट पहिल्या मजल्यावर आहे. आठ फ्लॅटची इमारत, लिफ्ट नाही. तिथे मेश्राम काका राहायला आले. कन्हानकडच्या कोळसा खाणीतून निवृत्त, पत्नी वारलेली, मुलगा पुण्याला. हृदयाची तपासणी सोपी जावी म्हणून शहरात आलेले. दलाल म्हणाला, “मॅडम, एकटा म्हातारा आहे, आणि त्यातून...” पुढचं त्याने हाताने हवेत सोडून दिलं. मला ते अर्धं वाक्य कळलं. मी म्हटलं, “कागद पूर्ण आहेत ना? मग झालं.”

पाकिटाच्या जोडावर सही करताना काका हसले होते. “बाप्पा! बँकेच्या लॉकरपेक्षा कडक काम हाय तुमचं. अन् मी आतमंधी मेलो तं?”

“असं बोलू नका काका.”

“नाही, विचारून राहिलो. नियमात बसते का नाही ते.”

मी हसून विषय टाळला. नियमात ते नव्हतंच.

आता आईचं सांगते. आईने सगळं आयुष्य भिवापूरला मिरचीच्या साताऱ्यावर काढलं. सातारा म्हणजे जिथे बाया रांगेत बसून वाळल्या मिरचीचे देठ खुडतात. दिवसभर खुडलं की मिरची हाताच्या कातडीत मुरते. तेल लावा, ताक लावा, जात नाही. त्या कामावर माझं शिक्षण झालं. आई कधी भाषण देत नसे, “शीक” एवढंच म्हणायची. तिला माझा फ्लॅट बघायचा होता. गावातल्या घराची तिला सवय होती. पण लेकीने शहरात, वरच्या मजल्यावर घेतलेलं घर आतून कसं असतं हे तिला बघायचं होतं. मी म्हणायचे, “आई, तिथं भाडेकरू राहतो. त्याच्या घरात असं जाता येत नाही.”

“काहून वं? विचारून तं पाय त्याले. एक गिलास पाणी पिऊन वापस येऊ.”

“तसं चालत नाही आई. घर रिकामं झालं की नेईन.”

“घर आपलं अन् पाणी प्याले बंदी,” ती म्हणायची आणि हसायची. वर्षभर हेच चाललं.

ती मे महिन्यात गेली. मी तेव्हा दुसऱ्या फ्लॅटच्या कराराच्या नोंदणीला बसले होते आणि फोन बंद होता. नोंदणी करताना फोन बंद ठेवावा, हाही माझाच सल्ला. फोन सुरू केला तेव्हा सगळं झालेलं होतं. तिच्या तोंडात शेवटचं पाणी शेजारच्या बाईने घातलं.

मी रडले नाही. काही होईना. कानात कापूस घातल्यासारखे ते दिवस गेले. लोक येत होते, बोलत होते, मी चहाचे कप मोजून ठेवत होते.

तेरवी भिवापूरलाच, बुधवारी होती. आदल्या दिवशी, मंगळवारी संध्याकाळी, बेसाच्या फ्लॅटसमोर राहणाऱ्या डोंगरे वहिनींचा फोन आला.

“मॅडम, टाइम बरोबर नाही, मले माहीत हाय. पण तुमच्या काकाचं दार कालपासून उघडून नाही राहिलं. पेपर बाहेरच पडून हायेत. दुधाची पिशवी फाटली उन्हानं.”

“मुलाकडे गेले असतील.”

“कूलर चालू हाय नं आत. आवाज येते. कूलर चालू ठेवून कोणी पुण्याले जाते का? तुमच्यापाशी किल्ली हाय म्हणते. कोणाच्या हातानं पाठवता का?”

मला आजही माझं उत्तर शब्दान्‌शब्द आठवतं. मी म्हटलं, “वहिनी, ते पाकीट बंद आहे. मी असं कुणाच्या हाती देत नाही. परवा आले की बघते.”

फोन ठेवला आणि कप मोजायला गेले. मी दुष्टपणाने बोलले नाही. मला काहीच वाटत नव्हतं, आणि अशा वेळी माणूस नियमाला धरून बोलतो. एवढंच माझ्या बाजूने सांगता येईल.

बुधवारी तेरवी झाली. दिवसभर मी पंगतीत वाढत होते, पन्नास माणसांनी मला तिथे पाहिलं आहे.

गुरुवारी सकाळच्या एस.टी.ने नागपूरला माझ्या घरी आले. काकांचा फोन लावला तर बंद. मग डोंगरे वहिनींना लावला.

“अवो, आता काय झालं?” त्या म्हणाल्या. “बरे हायेत नं काका?”

“मी तेच विचारतेय. दार उघडलं का त्यांनी?”

“मले काहून विचारता? तुम्ही तं काल दुपारी येऊन गेल्या नं!”

मी म्हटलं, “मी काल भिवापूरला होते, वहिनी. काल तेरवी होती.”

“जाळीच्या दारातून पायलं मी. दोन-सव्वादोन वाजले असन. पाठमोऱ्या होत्या तुम्ही, पाय ओढत चालून राहिल्या होत्या. मी म्हटलं दुःखात हायेत मॅडम, कशाले आवाज द्याचा. दार उघडून आत गेल्या. आतून भांड्याचा आवाज आला. म्हणून मी बेफिकीर झाली... मॅडम, खरंच तुम्ही नव्हत्या?”

मी कपाट उघडलं. पाकीट होतं तिथेच होतं. चिकटपट्टी शाबूत. सही झाकणावर अर्धी, खाली अर्धी, दोन्ही अर्धे एकमेकांना लागून. पाकीट तसंच पर्समध्ये टाकलं, रिक्षा केली आणि काकांच्या दारासमोर, डोंगरे वहिनींच्या डोळ्यांदेखत ते फाडलं.

काका स्वयंपाकघर आणि हॉलच्या मधल्या जागेत पडलेले होते. नंतर कळलं ते असं — सोमवारी सकाळी घसरले, खुब्याचं हाड मोडलं, फोन टेबलावर राहिला. तीन दिवस. बाहेर मे अखेरचा नवतपा सुरू होता... नागपूरचे ते नऊ दिवस ज्यांनी काढले आहेत त्यांना वेगळं सांगायला नको. पण त्यांच्या डोक्याखाली उशी होती. छातीवर ओला टॉवेल होता. हाताशी स्टीलचा तांब्या, त्यात थोडं पाणी.

त्यांनी डोळे उघडले, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, “आज लवकर आल्या तुम्ही.”

डोंगरे वहिनींनी माझा दंड इतका घट्ट धरला की वळ उठले.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, “यांना पाणी कोण देत होतं? या उन्हात पाणी मिळालं नसतं, तर आपण आज बोलत नसतो.” मी गप्प राहिले. संध्याकाळी मुलगा पुण्याहून आला आणि दवाखान्याच्या वऱ्हांड्यात सगळ्यांसमोर माझ्या पाया पडला. “ताई, घरात दुःख असताना तुम्ही माझ्या बापाकडे येत राहिल्या...” तेव्हा बोलायला हवं होतं. मी त्याला उठवलं आणि म्हटलं, “जेवलास का?”

पुढच्या आठवड्यात मी माझ्या पद्धतीने सगळं तपासलं. तिन्ही किल्ल्यांचा हिशेब लागला. एक पाकिटातली. एक काकांच्या शर्टाच्या खिशात, एक आतल्या खिळ्यावर. कुलूपवाल्याला विचारलं, त्याने त्या कुलपाची चौथी किल्ली कधी केलेली नव्हती. कूलर सोमवारपासून चालू होता. नवतप्यात कूलरची टाकी दिवसभरात कोरडी पडते, ती गुरुवारी अर्ध्याच्या वर भरलेली होती. टाकी बाल्कनीतून, बादलीने भरावी लागते. खुबा मोडलेला माणूस ते करू शकत नाही.

पार्किंगमध्ये सोसायटीचा एक कॅमेरा आहे. बुधवारचं दुपारचं चित्रण मी बसून पूर्ण पाहिलं. कुणीही आलं नाही. जिन्याच्या पहिल्या पायरीवर सावलीला एक कुत्रा झोपलेला दिसतो. दोन वाजून दहा मिनिटांनी तो उठतो, बाजूला सरकतो, शेपूट हलवतो आणि परत तिथेच येऊन झोपतो. एवढंच. कुत्री उठतातच, त्यावरून काही सिद्ध होत नाही. पण मी ते चार वेळा पाहिलं.

डोंगरे वहिनींना भास झाला असेल, काकांना उन्हाने भ्रम झाला असेल, हे मीही धरून पाहिलं. पण टाकीला भ्रम होत नाही. आणि एक प्रश्न मला सारखा पडायचा. जी कोणी बाई पाणी पाजते, टॉवेल ओला करते, तिने अ‍ॅम्ब्युलन्स का बोलावली नाही? फोन टेबलावरच होता.

आईला आलेला फोन उचलता येत होता. लावता येत नव्हता.

हे मनात आलं तेव्हासुद्धा मला भीती वाटली नाही, की रडू आलं नाही. आलेलं उत्तर फळ्यावर लिहून ठेवावं, तसं ते मनात नुसतं लिहिलेलं राहिलं.

ऑपरेशन झालं, काही आठवडे पुण्याला राहून काका फ्लॅटवर परत आले. मुलाने खूप आग्रह केला, पण ते ऐकेनात. मी त्यांना भेटायला गेले. वॉकर धरून त्यांनी स्वतः चहा केला, मला हात लावू दिला नाही. इकडचं तिकडचं बोलणं झालं आणि मग कप खाली ठेवून ते म्हणाले, “मॅडम, एक गोष्ट विचारू? राग मानू नका.”

“विचारा ना काका.”

“तुम्ही मले पाणी पाजलं. जीव वाचवला. माह्या कातड्याचे जोडे केले तरी कमीच हाय ते. पण तुम्ही तोंड पुसत होत्या, ताप पाहत होत्या, तं उलट्या हातानं काहून? एकदाही तळहात लावला नाही. मी पडल्या पडल्या पाहून राहिलो होतो.” ते हसले, पण डोळे हसत नव्हते. “आमच्या बापाले लोक वरून पाणी वाढत. मी म्हटलं, मॅडम तश्या नाहीत, कागद देताना कधी जात विचारली नाही. मग हात असा काहून? तेवढं एक खुपून राहिलं मनात.”

तोपर्यंत मी गप्प राहून त्यांचे आभार घेत होते. त्या क्षणी कळलं, की आणखी गप्प राहिले तर हे आभार मी त्यांच्या मनातल्या त्या काट्यासकट घेणार.

“काका, मी आले नव्हते,” मी म्हटलं. “तिन्ही दिवस मी भिवापूरला होते. वहिनींनी मला मंगळवारीच फोन केला होता. किल्ली मागितली होती. मी दिली नाही.”

काकांनी कप बाजूला सरकवला.

“आणि त्या हाताचं... ते मला माहीत आहे. मिरची खुडणाऱ्या बाया लेकरांच्या तोंडाला तळहात लावत नाहीत. डोळ्यांची आग होते. माझ्या आईने मला कधी तळहाताने कुरवाळलं नाही. ताप बघायची तो उलट्या हाताने. डोळे पुसायची तेही. ती असाच हात लावायची, काका. सगळ्यांना.”

आई तिथे आली होती असं मी म्हटलं नाही. मी आजही म्हणत नाही. हाताचं फक्त सांगितलं.

काकांनी कूलरकडे पाहिलं. मग म्हणाले, “तरीच.”

“काय?”

“तिनं आधी स्वतः पेलं. माहा तांब्या उचलला, वरून घटाघटा पाणी पेलं, घरभर नजर फिरवली, अन् मग मले पाजलं. मी म्हटलं, मॅडमले लय तहान लागली दिसते.”

मी चहाचे कप उचलले आणि धुवायला आत गेले. नळ बराच वेळ चालू ठेवला.

गेल्या महिन्यात त्यांचा करार नव्याने झाला. त्या घटनेनंतर मी करारासोबतच्या भाडेकरूच्या अर्जात एक रकाना वाढवला आहे आणि तुम्हीही वाढवा असं सांगते — ‘अडचणीच्या वेळी घर उघडून आत येण्याची परवानगी असलेल्या व्यक्ती’. त्यात भाडेकरू स्वतः नावं लिहितो. मी पाकीट पुढे केलं तेव्हा काकांनी त्यात किल्ली टाकली, पण डिंकाची बाटली बाजूला सरकवली. “हे राहू द्या उघडंच.” मग ती किल्ली त्यांनी पाकिटासकट डोंगरे वहिनींच्या हातात दिली. आता ती तिथे असते.

नियम पाळताना माणूस मरू शकतो, हे मला आता कळलं आहे. तो मेला नाही, याचं कारण मात्र मला माहीत नाही. मी शोधलं, जेवढं शोधता येतं तेवढं. माझ्या हाती एक फाटलेलं पाकीट, तीन किल्ल्यांचा हिशेब आणि कुत्र्याचं चित्रण आहे. त्यातून काही उत्तर निघत नाही. कुणाला काढता आलं तर मला जरूर कळवा, मी मनापासून वाचेन.

अर्जाचा तो रकाना भरताना काकांनी पहिलं नाव डोंगरे वहिनींचं लिहिलं, दुसरं माझं. मग पेन उचलून त्यांनी विचारलं, “मायचं नाव काय होतं तुमच्या?”

मी सांगितलं. त्यांनी ते तिसऱ्या ओळीत लिहिलं, सुवाच्य अक्षरात. पुढे फोन नंबरच्या जागी एक आडवी रेघ ओढली.

कराराच्या कागदावर चुकीची नोंद मी कधी राहू देत नाही. ती ओळ मी खोडली नाही.